चुका काढणाऱ्या काकू

आमच्या परसात सध्या चार लाल कोंब वर आले आहेत आणि त्यांना हात लावायची मला परवानगी नाही. परस माझं, खत मी आणून घातलेलं, पाठ माझी मोडलेली. परवानगी मात्र फीनिक्सहून यायची आहे आणि ती पुढच्या वर्षाच्या आत येणार नाही, असं मला फोनवर तीनदा बजावण्यात आलं आहे. कुंपणापलीकडचे शेजारी ते कोंब बघून "रूबार्ब!" म्हणून खूश होतात. माझी बायको मृणाल त्याला "ते तुझं प्रकरण" म्हणते. मी त्याला चुका म्हणतो, कारण वाडदेकरकाकू चुका म्हणतात. आणि वाडदेकरकाकू जे म्हणतात त्याचा नक्की अर्थ काय, हे मला अमेरिकेतल्या या नेपरव्हिलमध्ये बारा वर्षं त्यांच्या मागच्या गल्लीत राहूनही कधी नीट कळलेलं नाही.

काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. चाळीसेक वर्षांपूर्वी काकांबरोबर इथे आल्या. काका रेफ्रिजरेशनमधले इंजिनिअर, काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघितल्या. "काय करायचं तेव्हा?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "चुका काढायच्या. दुसरं काय?" तेव्हा मला वाटलं की हॉस्पिटलच्या मागेही त्यांनी भाजी लावली होती.

हा घोटाळा त्यांच्या घरातला जुनाच होता. त्यांनी हे घर घेतलं तेव्हा शेजारी डोरथी नावाची एक म्हातारी बाई राहायची. तिने पहिल्याच वसंतात कुंपणावरून एक मातकट गड्डा काकूंच्या हातात ठेवला आणि "रूबार्ब" म्हणाली. काकूंना तो शब्द कळला नाही. पुढे त्याला लाल देठ आणि हत्तीच्या कानाएवढी पानं आली. काकूंनी देठाचा तुकडा मोडून चाखला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "अहो, हा आपला चुका!" चव तीच, आंबटढाण. आता चुक्याचं आपण काय खातो? पान. तेव्हा काकूंनी देठ फेकून दिले आणि पानांचं हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे घालून घट्ट फदफदं केलं.

रूबार्बचं पान विषारी असतं. इथे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण वेंगुर्ल्याहून आलेल्या बाईला ते सांगणार कोण? डोरथीने कचऱ्यात देठ बघितले आणि ती ओरडत स्वयंपाकघरात घुसली. पुढे हॉस्पिटल, दोन दिवस सलाईन. इथवरची गोष्ट पक्की आहे. आजारी कोण पडलं, याबद्दल मात्र दोन परंपरा आहेत. काकू सांगायच्या की यांनी दोन वाट्या ओरपल्या आणि हे आडवे झाले. काका सांगायचे, "छे! मी तेव्हा पालेभाजीला शिवत नव्हतो. हीच पडली आजारी. मी रडत बसलो होतो कॉरिडॉरमध्ये." एकदा दोघांनी एकाच टेबलावर एकाच जेवणात मला आपापली आवृत्ती ऐकवली. दोघंही समोरच्याला पेशंट करत होते आणि दोघंही स्वतः रडल्याचं सांगत होते. मी दोघांना मान डोलावली.

तेव्हापासून काकूंचं एक वाक्य तयार झालं. "इथे उलटं असतं. पान टाकायचं, देठ खायचा." हे त्या रूबार्बबद्दल बोलायच्या, आणि अमेरिकेतल्या कशाहीबद्दल बोलायच्या. मुलाने पीएचडी अर्धवट सोडून रेस्टॉरंट काढलं तेव्हा हेच म्हणाल्या. माझी नोकरी गेली आणि मी दोन महिने घरी बसलो तेव्हाही हेच. मला धीर देत होत्या की माझं काय चुकलं ते सांगत होत्या, मी अजून ठरवू शकलेलो नाही. सोबत त्या देठांचा मुरांबा होता, तो मात्र मी दोन दिवसांत संपवला.

काकूंचं बोलणं कळत नसे याचं साधं कारण म्हणजे त्या वाक्यात नाम वापरत नसत. फोन उचलला की संभाषण मधूनच सुरू. "मग ते तिकडे ठेवलंस का?" काय ते, कुठे तिकडे, विचारायची सोय नाही. पुन्हा विचारलं की "सांगितलं ना!" म्हणून फोन ठेवायच्या. बोलताना मराठीत इंग्रजी बिनदिक्कत कालवायच्या. पण तेच लिहिलेलं समोर आलं की काकूंचा अवतार बदलायचा. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं वीस-बावीस वर्षं त्यांनीच तपासली. मी त्या अंकाची पानं लावायचो. लाल पेन घेऊन त्या बसल्या की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला कुठेही थारा नसे. मंडळात त्यांचं नावच पडलं होतं, चुका काढणाऱ्या काकू. त्यांना त्याचा राग येत नसे. "एप्रिल ते जून परसातला, ऑगस्ट ते ऑक्टोबर अंकातल्या," असं हसून म्हणायच्या.

हॉटेलचं मेन्यू कार्ड, लग्नपत्रिका, सत्यनारायणाचं आमंत्रण, काही सुटलं नाही. आणि सगळ्यात कहर केला तो काका गेले तेव्हा. काकांना जाऊन तीन वर्षं होऊन गेली. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे माणसांनी एकापाठोपाठ "भावपूर्ण श्रध्दांजली" लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा पहिला मेसेज आला. "श्रद्धांजली. द ला ध, ध ला द नव्हे." बस. कोणी हात जोडलेली चित्रं टाकली, कोणी आपला मेसेज खोडून पुन्हा शुद्ध करून टाकला. मी त्यांच्या घरी गेलो तर त्या फोन हातात धरून बसल्या होत्या आणि एकेक नवा मेसेज नीट लिहिलाय का ते बघत होत्या. "आता बरोबर लिहितायत," म्हणाल्या, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. मी चहा केला, तोही बिनसाखरेचा, कारण साखर कुठे ठेवतात ते काकाच सांगायचे.

चुका लावायचा त्यांचा एक कायदा होता. नवा गड्डा लावला की पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही. कितीही लालबुंद दिसो, कोणीही मागो. पान त्याचं त्याच्याकडे राहू द्यायचं, म्हणजे मूळ धरतं. दुसऱ्या वर्षी दोन-चार देठ घ्यायचे. तिसऱ्या वर्षापासून हवं ते. तोडतानाही सुरी लावायची नाही, देठ तळाशी धरून किंचित पिळून ओढायचा. हा कायदा त्या झाडाला लावत, तसाच माणसांनाही.

मृणाल लग्न होऊन इथे आली तेव्हा पुण्यातली चांगली नोकरी सोडून आली होती आणि तिच्या व्हिसावर इथे काम करता येत नव्हतं. घरात बसलेली बाई मंडळाच्या नजरेतून सुटते होय? गणपतीच्या मीटिंगला गेलो तर कोणी म्हणे सूत्रसंचालन कर, कोणी म्हणे पन्नास पुरणपोळ्या कर, कोणी म्हणे मुलांचा नाच बसव. मृणालच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि हात माझ्या बाहीला घट्ट. तेवढ्यात मागच्या रांगेतून काकू उठल्या.

"हिला या वर्षी कोणी तोडायचं नाही," म्हणाल्या आणि बसल्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "काकू, कोणी काही बोललं का हिला? गैरसमज झाला असेल तर..." एक बाई हळूच मला म्हणाली, "अरे, तुमच्यात काही प्रॉब्लेम चाललाय का? डिव्होर्स वगैरे?" मी नाही नाही म्हणत राहिलो, आणि जितकं नाही म्हटलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. पुढे सहा महिने मृणालला कोणी काही काम सांगितलं नाही, उलट लोक तिच्याशी दवाखान्यातल्या आवाजात बोलत. काकूंना काय म्हणायचं होतं ते आम्हाला वसंतात त्यांच्या परसात कळलं, तेव्हा मृणाल आधी हसली आणि मग तिथेच चुक्याच्या वाफ्याशी बसून रडली. तिला अमेरिकेत आल्यापासून कोणी पहिल्यांदा समजून घेतलं होतं, आणि ते आम्हाला आठ महिन्यांनी समजलं.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी घर विकायला काढलं. जिने चढवत नव्हते, आणि मुलगा निखिल फीनिक्सला ये म्हणून मागे लागला होता. घर विकलं गेलं ते टायलर आणि त्याच्या बायकोला, तरुण जोडपं. सामानाचा प्रश्न नव्हता, काकूंनी ते फटाफट वाटून टाकलं. अडलं ते चुक्यापाशी. फीनिक्सच्या उन्हात रूबार्ब टिकत नाही, त्याला कडक थंडी लागते. इथे ठेवावा तर नवे लोक तिथे फरशी घालून बार्बेक्यू मांडणार नाहीत कशावरून? काढून मला द्यावा तर एवढ्या जुन्या झाडाला हलवलं आणि मेलं तर? तो वाफा काकांनी खणलेला होता. शेवटच्या वर्षी काका चालू शकत नव्हते, तेव्हा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. काकू रोज वेगळं बोलायच्या. सोमवारी, "घराबरोबर जाऊ दे." बुधवारी, "तू घेऊन जा बाबा." रविवारी, "मी नेणार. बघू कोण अडवतं!" मी दर वेळी बरं म्हणायचो. त्यांचा जीव कशात अडकलाय ते दिसत होतं, पण त्यांना काय हवंय ते त्यांनाच दिसत नव्हतं.

ऑक्टोबरात त्या खोली बघायला म्हणून दोन आठवडे फीनिक्सला गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे. जाताना त्यांनी माझ्या हातात चार पानं ठेवली, शाईच्या पेनाने लिहिलेली. काकांवरचा लेख. तीन वर्षांत त्यांनी काकांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि आता दिवाळी अंकासाठी लिहिलं होतं. "टाइप कर," म्हणाल्या. माझं मराठी टायपिंग म्हणजे गोगलगाय. मी ती पानं फोनला वाचून दाखवली, फोनने ती टाइप केली, आणि प्रुफं काढून काकूंची वाट बघत मी ती टेबलावर ठेवून दिली. हाताने लिहिलेली पानं गॅरेजमधल्या रद्दीच्या खोक्यात टाकली. कामच संपलं होतं त्यांचं.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी काकूंचा व्हॉइसमेल आला. तो अजून माझ्याकडे आहे. "प्रसाद, मी बोलतेय. माझं येणं शनिवारवर गेलं. तेव्हा शुक्रवारच्या आत तूच चुका काढ. मूळ बघून काढ, घाई नको. आणि मूळ फेकून देऊ नकोस, मला हवंय. चल."

हवामानखातं सांगत होतं की शुक्रवारी या वर्षीचं पहिलं दव गोठणार. मला सगळं लख्ख कळलं. काकूंचं बोलणं मला इतकं लख्ख कधीच कळलं नव्हतं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. तरी मी फोन केला.

"काकू, नक्की काढू ना? तुम्ही परवा नको म्हणत होता."

"नको कधी म्हटलं मी? चुका ठेवून कसं चालेल? लोक काय म्हणतील!"

"आणि मूळ?"

"ते जपून ठेव रे. काकांचं आहे त्यात सगळं," म्हणाल्या, आणि आवाज जरा ओला झाला. "सांगितलं ना!" आणि फोन ठेवला.

यापुढे माणसाने काय करावं?

मंगळवारी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकली आणि काकांचंच फावडं घेऊन वाफ्यात उतरलो. पानं पिवळी पडून लोळत होती. वरून बघताना वाटतं एक गड्डा असेल, निघाली बैलगाडीच्या चाकाएवढी मुळी. आमच्या नागपूरकडे एक घाव दोन तुकडे म्हणतात, इथे शंभर घाव घातले तेव्हा कुठे चार तुकडे झाले. मधला भाग कुजून भुसभुशीत झाला होता, हातानेच सुटून आला, तो मी फेकून दिला. बाहेरच्या चार तुकड्यांना मात्र गुलाबी डोळे होते. ते घरी आणले, रद्दीच्या खोक्यातले कागद ओले केले, त्यांत गुंडाळले आणि गॅरेजमध्ये सावलीला ठेवले. मृणाल म्हणाली, "अंकाचं काय झालं? शुक्रवारी प्रेसला जायचाय ना?" मी म्हणालो, "काकूंनी त्याबद्दल काही सांगितलं नाही, म्हणजे ठीक असेल." शुक्रवारी अंक प्रेसला गेला.

शनिवारी काकू विमानतळावरून थेट आमच्याकडे आल्या. कोटही काढला नाही.

"काढल्यास चुका?"

"काढला काकू!" मी म्हणालो. दोघांच्या क्रियापदांत केवढी दरी होती, ती मला तेव्हाही दिसली नाही.

"मूळ ठेवलंस?"

"या ना, दाखवतो." मी त्यांना अभिमानाने गॅरेजमध्ये नेलं आणि चारी पुडकी समोर मांडली. काकूंनी एक उचललं. कागद उलगडला. आत चुक्याचा गड्डा होता आणि कागदावर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. शाई पाण्याने पसरून निळं तळं झालेलं.

त्यांनी शाईवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "प्रसाद, मी प्रुफांबद्दल बोलत होते."

चुका म्हणजे अंकातल्या. मूळ म्हणजे ही चार पानं. आणि झाड? झाड त्यांनी तिथेच ठेवायचं ठरवलं होतं. फीनिक्सहून टायलरच्या बायकोशी बोलल्या होत्या. तिच्या आजीच्या परसात रूबार्ब होता, ती तो आनंदाने सांभाळणार होती. म्हणजे जे ठेवायचं ते मी उपटलं, जे काढायचं ते छापलं, आणि जे जपायचं ते भिजवलं. मी माफी मागायला लागलो, पण कशाकशाची मागू ते कळेना.

काकूंनी विचारलं ते भलतंच. "मधलं कुठाय?"

"कुजलं होतं काकू. हाताने निघालं. फेकलं मी."

"कुजलं होतं?" त्यांनी गड्ड्याचा गुलाबी डोळा अंगठ्याने पुसला. "म्हणजे मी तसंच ठेवलं असतं तर..." पुढचं नाम त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं नाही.

मी पानं वाळवायचा प्रयत्न केला. इस्त्रीही केली. एखाददुसरी ओळ वाचता आली, बाकी गेलं. बुधवारी छापील अंक आले. काकू आमच्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसल्या, छापून झालेल्या अंकाला आता पेनाचा काय उपयोग, पण सवय. लेख छान होता, शांत. फदफद्याची गोष्टही होती. मला वाटलं, चला, आता तरी निकाल लागेल. वाक्य होतं, "पानं खाऊन आजारी पडले." कोण पडले? हे पडले, की मी पडले? व्याकरणाने दोन्ही बरोबर. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "लिहिलंय ना तिथे!"

शेवटच्या परिच्छेदावर मात्र त्यांचं पेन थांबलं. "अजूनही सकाळी स्वयंपाकघरात त्यांचा त्रास होतो," असं छापलं होतं.

"भास!" मी ओरडलोच. "काकू, तुम्ही भास लिहिलं असणार. मी भासच वाचलं असेल. फोनने त्रास केलं. हे मंडळात दोनशे लोक वाचणार आता." मी धावत जाऊन ते वाळवलेलं पान आणलं. त्यावर "त्यांचा" एवढं वाचता येत होतं. पुढचा शब्द म्हणजे एक निळा डाग.

काकूंनी पान उजेडात धरलं, चष्मा वर केला, खाली केला. तीस वर्षं काचपट्ट्या वाचलेली बाई. "मी काय लिहिलं होतं कोण जाणे," म्हणाल्या. मग छापील ओळीखाली लाल रेघ मारली. रेघेकडे बघत बसल्या. सकाळी चहाच्या वेळी साखर कुठाय म्हणून हाक होते, म्हणाल्या. हाक त्या मारतात की काका, ते मी विचारलं नाही. समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, "आहे तसेच ठेवा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक चूक सोडून दिली. निदान मला तरी ती चूक वाटत होती.

गुरुवारी, घर हातातून जायच्या आदल्या दिवशी, त्यांनी एक तुकडा पुन्हा त्याच खड्ड्यात लावला. मला फावडं धरू दिलं नाही. गुडघ्यांवर बसल्या, माती चाळली, गुलाबी डोळे वर ठेवून गड्डा बसवला आणि हाताने थापला. टायलरची बायको शेजारी उभी होती. तिला त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं. पान टाक, देठ खा. कापू नको, पीळ. फर्स्ट इयर, नथिंग. ती मान डोलावत होती आणि माझ्याकडे मदतीसाठी बघत होती. मीही मान डोलावली. दोन तुकडे मला दिले. चौथा, लेखाच्या त्याच वाळवलेल्या पानांत पुन्हा गुंडाळून, त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला.

"काकू, फीनिक्समध्ये नाही जगायचा हो तो."

"कुंडीत लावीन. हिवाळ्यात फ्रिजमध्ये ठेवीन. काकांनी उगाच का एवढे फ्रिज केले?"

शुक्रवारी मीच त्यांना विमानतळावर सोडलं. दोरीपलीकडे मला जाता येत नव्हतं. रांग हळूहळू सरकत होती. पर्स यंत्रातून गेली आणि अडकली. गणवेशातल्या बाईने पिशवी बाहेर काढली, कागद उलगडला आणि गड्डा वर धरून काहीतरी विचारलं. काकू काय सांगत होत्या ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. दिसत होते ते हात. एक हात मोठं पान झाला आणि बाजूला फेकला गेला. दुसरा हात देठ झाला आणि तोंडाकडे गेला. मग त्यांनी कागद त्या बाईच्या हातून अलगद काढून घेतला आणि पुन्हा स्वतः गुंडाळला, आधी डाव्या बाजूने, मग उजव्या. बाई बघत राहिली. तिने पिशवी परत दिली.

तेवढ्यात काकू वळल्या आणि सगळ्या रांगेच्या डोक्यांवरून मंडळाच्या मीटिंगमधल्या आवाजात ओरडल्या, "प्रसाद! पहिल्या वर्षी काही तोडायचं नाही हं! कोणी मागितलं तरी!"

मी हात हलवून हो म्हटलं. त्या पर्स छातीशी धरून चालायला लागल्या, ते नेमक्या उलट्या बाजूला. कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना वळवलं. मग त्या दिसेनाशा झाल्या.

पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि किल्ली लावायची राहिली. त्या माझ्या दोन तुकड्यांबद्दल बोलल्या की त्यांच्या पर्समधल्या? की आणखी कोणाबद्दल? ऐंशीला टेकलेली बाई नव्या मातीत निघाली होती. निखिलचं रेस्टॉरंट होतं, घरात दोन लहान मुलं होती, आई आली की किती मदत होईल हे तो मला मागेच कौतुकाने सांगून झाला होता. तिच्यासाठी मीटिंगमध्ये उठून उभं राहणारं तिथे कोणी नव्हतं. मी घाईघाईने त्याला मराठीत मेसेज केला. "आईला पहिलं वर्ष काही मागू नकोस."

निखिल इथेच वाढलेला. त्याचं मराठी वाचन अडखळत चालतं. पाच मिनिटांनी त्याचं इंग्रजीत उत्तर आलं. "डोन्ट वरी, प्रसाद. मॉम नेव्हर आस्क्स फॉर एनिथिंग."

त्याने उलटं वाचलं होतं. मी दुरुस्त करायला फोन उघडला, चार शब्द लिहिले, ते खोडले. मग निखिलने लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं, आणि आहे तसंच ठेवलं.